पहिली जुनी होडी : किंमत आणि खरा खर्च

उत्तरेस केरी-तेरेखोलपासून दक्षिणेस पोळेपर्यंत पसरलेल्या गोमंतकाच्या किनाऱ्यावर मासेमारी हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होय. या व्यवसायात वाढलेल्या तरुणाची पहिली महत्त्वाकांक्षा बहुधा एकच असते. दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने राबण्याऐवजी स्वतःची होडी पाण्यात लोटावी, अशी ती महत्त्वाकांक्षा. नवी होडी आणि नवे यंत्र एकदम घेण्याइतके भांडवल फार थोड्यांजवळ असते. सबब बहुतेकांची पहिली होडी ही जुनी, म्हणजे दुसऱ्याने वापरलेली असते. यात गैर काहीच नाही. नीट पारखून घेतलेली जुनी होडी पुष्कळ वर्षे सेवा देते आणि नव्या मालकाला कमी भांडवलात धंदा शिकविते.

अडचण निर्माण होते ती निराळ्याच कारणाने. गाठीला दोन लाख रुपये आहेत म्हणून दोन लाखांची होडी घेतली जाते. होडी दारात येते, नारळ फुटतो. आणि मग ध्यानात येते की, जाळी घ्यावयाला पैसा उरलेला नाही. यंत्र पहिल्याच महिन्यात दुरुस्तीला जाते. अशा वेळी घरातील सोने गहाण पडते, किंवा मासळीच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घ्यावी लागते. उचल देणारा व्यापारी बहुधा मासळी आपल्यालाच घालण्याची अट घालतो, आणि त्या अटीबरोबर भाव ठरविण्याचा अधिकारही त्याच्याकडे जातो. होडी नावापुरती स्वतःची राहते. कमाई मात्र दुसऱ्याच्या वहीत जमा होते. हे टाळावयाचे असेल तर विसार देण्यापूर्वी संपूर्ण खर्चाचा अंदाज कागदावर मांडला पाहिजे. तो कसा मांडावा, हे या पाठात क्रमाने पाहावयाचे आहे.

१. किंमत आणि खर्च यांतील भेद

होडीची किंमत ही विकणाऱ्याला द्यावयाची रक्कम होय. खर्च ही त्याहून व्यापक गोष्ट आहे. त्याचे चार भाग पडतात. पहिला भाग खरेदीचा व होडी कामास योग्य करण्याचा. हा एकदाच करावा लागतो. दुसरा भाग खेळत्या भांडवलाचा, म्हणजे पहिली विक्री हाती येईपर्यंत आणि पहिली वाईट पंधरवडी निभावून नेण्यापुरता. तिसरा भाग वार्षिक किंवा स्थिर खर्चाचा. होडी पाण्यात असो वा माडाखाली झाकून ठेवलेली असो, हा खर्च चालूच राहतो. चौथा भाग प्रत्येक फेरीचा. यात इंधन, तेल, बर्फ व शिधा येतात.

पुष्कळ लोक पहिला व चौथा एवढेच दोन भाग मोजतात, कारण त्या वेळी पैसा प्रत्यक्ष हातातून जातो. तिसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. जाळे रोज थोडे थोडे विरते, यंत्र रोज थोडे थोडे झिजते. पण त्या झिजेची पावती कोणी देत नाही. ती पावती एक दिवस एकदमच हाती पडते आणि त्या दिवशी पेटीत पैसा नसतो.

२. होडीची परीक्षा

होडी तरंगते याचा अर्थ ती चालते असा नव्हे. होडी नेहमी पाण्याबाहेर काढून, दिवसाउजेडी व कोरडी असताना पाहावी. ताजा रंग दिलेला असल्यास अधिक सावधगिरी बाळगावी, कारण रंगाखाली भेगा सहज लपतात.

लाकडी होडीच्या बाबतीत फळ्यांचे सांधे, तळ आणि पाण्याच्या रेषेजवळचा भाग टोकदार आरीने ठिकठिकाणी टोचून पाहावा. आरी सहज आत गेली तर लाकूड कुजलेले आहे, किंवा समुद्रातील किड्यांनी आतून पोखरले आहे असे समजावे. हे किडे बाहेर अत्यंत बारीक छिद्र ठेवतात. आत मात्र लांब पोकळ्या करीत जातात. त्यामुळे वरून धड दिसणारी फळी आतून चाळणीसारखी झालेली असू शकते. उलांडीच्या होडीत उलांडीचा ओंडका, तिला जोडणारे दांडे व बांधणीचे दोर हेही तपासावेत.

फायबरच्या होडीला कीड लागत नाही, तथापि तिचे स्वतःचे रोग आहेत. लाकडी हातोडीने सर्व अंगावर हलकेच ठोकीत जावे. घट्ट अंगाचा आवाज टणक येतो. जेथे थर सुटलेले असतात तेथे तो बद्द येतो. तळाला फोड आलेले आहेत काय, पूर्वी ठिगळ मारलेले आहे काय आणि ते आतूनही नीट बसविलेले आहे काय, हे पाहावे. ज्या मागच्या फळीवर यंत्र बसते ती सर्वांत महत्त्वाची. फायबरच्या आत पुष्कळदा लाकूड असते आणि बोल्टांच्या छिद्रांतून पाणी शिरून ते कुजते. यंत्र मागेपुढे हलवून पाहावे. फळी लवत असेल तर मोठी दुरुस्ती ठरलेलीच आहे.

३. यंत्राची परीक्षा

आउटबोर्ड यंत्र थंड असताना, म्हणजे विकणाऱ्याने अगोदर चालवून गरम करून ठेवलेले नसताना सुरू करून पाहावे. ते सुरू झाल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची धार अखंड पडते काय, इकडे लक्ष द्यावे. धार बारीक असेल तर पाणी खेचणारा पंप झिजलेला असतो किंवा पाण्याच्या वाटा मिठाने बुजलेल्या असतात. खालच्या गिअरपेटीतील तेल थोडे काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके असेल तर आत पाणी शिरत आहे हे निश्चित. दोन सिलिंडरांच्या यंत्रात दोन्हींचा दाब मिस्त्रीकडून मोजून घ्यावा. दोहोंत दहा टक्क्यांहून अधिक फरक असल्यास यंत्र आतून उघडावे लागण्याचा संभव असतो. पंख्याचा आस वाकडा नाही ना आणि गंजापासून संरक्षण करणारे जस्ताचे तुकडे जागेवर आहेत ना, हेही पाहावे.

एवढे झाल्यावर यंत्र समुद्रात किमान तासभर चालवावे. ओळखीचा मिस्त्री आणि एखादा अनुभवी तांडेल यांना एक दिवसाची मजुरी देऊन बरोबर नेले तर तो खर्च सत्कारणी लागतो. त्यांच्या एका दिवसाच्या कष्टाने कधी कधी पूर्ण यंत्राची किंमत वाचते. निदान भाव कमी करण्यासाठी सबळ कारण तरी मिळते.

४. कागदपत्रे

१९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर व पारंपरिक रापणकार यांच्यात गोव्यात मोठा संघर्ष झाला. त्या पार्श्वभूमीवर गोवा, दमण व दीव सागरी मच्छीमारी नियमन कायदा, १९८० हा आला. शेजारच्या महाराष्ट्रात असा कायदा १९८१ मध्ये व कर्नाटकात १९८६ मध्ये झाला. म्हणून होडी केवळ विकत घेऊन भागत नाही. तिची नोंदणी व मासेमारीचा परवाना नव्या मालकाच्या नावे असावा लागतो. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर होड्यांची नोंदणी व खलाशांची ओळखपत्रे यांची तपासणी अधिक काटेकोर झाली आहे, हेही विसरू नये.

विसार देण्यापूर्वी पुढील कागद मागून घ्यावेत: होडीचे नोंदणीपत्र, चालू परवाना, यंत्राची पावती व क्रमांक, आणि बँक किंवा सहकारी संस्थेचे कर्ज बाकी नसल्याचा दाखला. नोंदणीपत्रावरील क्रमांक होडीवरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. मूळ मालकाने यंत्र अथवा जाळी शासकीय अर्थसाहाय्यातून घेतलेली असल्यास ठराविक मुदतीपर्यंत विक्रीवर बंधन असू शकते. याची चौकशी मत्स्योद्योग खात्याच्या कार्यालयात करावी. होडी मालवण, वेंगुर्ले किंवा कारवारकडून आणावयाची असेल तर तेथील नोंदणी रद्द झाल्याचा किंवा ना-हरकतीचा कागद हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. व्यवहार लेखी करावा. विसार, होडी ताब्यात घेताना द्यावयाची रक्कम आणि नाव बदलल्यावर द्यावयाची अखेरची रक्कम, असे तीन हप्ते लिहून ठेवले म्हणजे दोन्ही पक्ष सुरक्षित राहतात.

५. खरेदीच्या खर्चाचा नमुना

खालील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. होडीचा आकार, यंत्राची शक्ती आणि गावोगावचे भाव यांप्रमाणे ते बदलतील. प्रत्येकाने आपापले आकडे प्रत्यक्ष चौकशी करून घालावेत.

होडी व जुने यंत्र : २,००,००० रु.
परीक्षेसाठी मिस्त्री, तांडेल, प्रवास : ४,००० रु.
नोंदणी, परवाना, करारपत्र : ६,००० रु.
होडीची दुरुस्ती व रंग : २५,००० रु.
यंत्राची दुरुस्ती व सुटे भाग : २०,००० रु.
जाळी, बोये, शिसे, दोर : ६०,००० रु.
नांगर, वल्ही, दिवे, होकायंत्र, लाइफ जॅकेट : १५,००० रु.
होडी आणण्याची वाहतूक : १०,००० रु.
खेळते भांडवल : ३०,००० रु.
अकल्पित खर्चासाठी राखीव : ३०,००० रु.
एकूण : ४,००,००० रु.

या नमुन्यात होडीची किंमत ही एकूण खर्चाच्या बरोबर निम्मी आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याच्याजवळ स्वतःचे व कर्जाचे मिळून चार लाख आहेत त्याने दोन लाखांच्या आसपासचीच होडी पाहावी. साडेतीन लाखांची होडी कितीही देखणी असली तरी ती त्याच्या आवाक्यातील नव्हे.

राखीव रकमेला हात न लावता ती वेगळी ठेवणे विशेष अगत्याचे आहे. जुन्या वस्तूचे दोष परीक्षेने पुष्कळसे कळतात. परंतु सर्व कळत नाहीत. जे कळत नाहीत त्यांच्यासाठीच ही रक्कम असते.

६. वर्षाचा स्थिर खर्च

यंत्र, होडी व जाळी या तिन्ही वस्तूंना आयुष्य असते. ती संपतील तेव्हा नवी घेण्यासाठी दरवर्षी रक्कम बाजूला टाकली पाहिजे. समजा, जुने यंत्र आणखी पाच वर्षे चालेल आणि त्यानंतर नव्या यंत्राला १,५०,००० रुपये लागतील; म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये झाले. दोन लाखांपैकी होडीच्या अंगाची किंमत १,४०,००० रुपये धरली आणि ती आणखी दहा वर्षे टिकेल असे मानले, तर वर्षाला १४,००० रुपये. साठ हजारांची जाळी दोन वर्षे पुरली, तर वर्षाला ३०,००० रुपये. आता पूर्ण मांडणी अशी होईल:

यंत्रासाठी ठेव : ३०,००० रु.
होडीसाठी ठेव : १४,००० रु.
जाळ्यांसाठी ठेव : ३०,००० रु.
वार्षिक दुरुस्ती, रंग, यंत्राची देखभाल : २०,००० रु.
विमा, परवाना व इतर शुल्क : १०,००० रु.
पावसाळ्यातील निवारा व झाकण : ६,००० रु.
दोन लाखांच्या कर्जावरील व्याज, दहा टक्के दराने पहिल्या वर्षी : २०,००० रु.
एकूण : १,३०,००० रु.

ही रक्कम किती फेऱ्यांत विभागावयाची, हा पुढचा प्रश्न. वर्षाचे ३६५ दिवस असले तरी लहान होडीला तितके दिवस समुद्र मिळत नाही. पश्चिम किनाऱ्यावर अलीकडील वर्षांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. लहान यंत्राच्या होड्यांना काही अटींवर सूट मिळते. तिच्या अटी त्या त्या वर्षीच्या अधिसूचनेत पाहाव्यात. पण सूट असली म्हणजे समुद्र शांत असतो असे नाही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने हिशेबात न धरणे शहाणपणाचे. उरलेल्या आठ महिन्यांत साधारण ३५ आठवडे येतात. आठवड्याला चार फेऱ्या धरल्यास १४० होतात. त्यांतून सण, आजारपण आणि यंत्राची दुरुस्ती यांसाठी दहा वजा केल्या की १३० उरतात. १,३०,००० रुपयांना १३० ने भागले असता फेरीमागे १,००० रुपये स्थिर खर्च पडतो. होडी पाण्यात लोटण्यापूर्वीच हे हजार रुपये त्या दिवसाच्या नावे मांडले गेलेले असतात.

७. फेरीचा खर्च

सुमारे दहा अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोकी जुने पेट्रोल यंत्र पूर्ण वेगाने चालविल्यास तासाला साधारण चार ते पाच लिटर इंधन घेते. फेरीत यंत्र तीन तास चालते आणि सरासरी चार लिटर लागतात असे धरले, तर बारा लिटर होतात. सोयीसाठी दर लिटरला १०० रुपये मानला, तर पेट्रोलचे १,२०० रुपये झाले. पन्नास भाग पेट्रोलात एक भाग तेल या प्रमाणाने पाव लिटरच्या आसपास तेल लागते; त्याचे १०० रुपये धरू. बर्फ व शिधा यांचे २०० रुपये. एकूण फेरीखर्च १,५०० रुपये.

या खर्चात सर्वांत मोठा वाटा इंधनाचा आहे आणि तोच मालकाला थोडाफार आवरता येतो. भरलेल्या होडीचा वेग थोडासा वाढविण्यासाठी इंधन पुष्कळ अधिक जळते. म्हणून घाई नसेल तेव्हा यंत्र थोडे मंद चालविल्यास बचत दिसून येते. तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले होडीला मागे ओढतात. तळ स्वच्छ ठेवणे हीही इंधनाची बचतच होय. प्रत्येक फेरीनंतर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे. मासळी शोधीत वणवण करण्यातही पेट्रोल जळते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या तापमानावरून व हरितद्रव्यावरून मासळीच्या संभाव्य जागा विनामूल्य कळविते. बंदीचा काळ व वादळी दिवस सोडून ही माहिती मिळते. लहान होडीने या सूचनेतील जागा आपल्या आवाक्यात आहे की नाही, हे मात्र स्वतः ठरवावे.

८. वाटे आणि खरी कमाई

वाट्यांची पद्धत गावोगावी निराळी आहे. नमुन्यादाखल अशी रीत धरू: विक्रीतून प्रथम फेरीखर्च वजा करावयाचा; उरलेल्याचे दोन समान भाग करावयाचे; एक भाग होडी, यंत्र व जाळी यांचा आणि दुसरा भाग मालकासह तीन माणसांचा.

होडीच्या भागातून फेरीमागे १,००० रुपये निघाले पाहिजेत, हे वर पाहिले. म्हणजे फेरीखर्च वजा जाता २,००० रुपये उरले पाहिजेत. आणि विक्री सरासरी ३,५०० रुपयांची झाली पाहिजे. तेवढी झाली तर प्रत्येक माणसाच्या वाट्याला ३३३ रुपये येतात. म्हणजे ३,५०० रुपयांच्या विक्रीत होडी स्वतःला सांभाळते, पण तिच्या मालकाला फक्त एका खलाशाची मजुरी मिळते. एखादे दिवशी बांगड्याचा थवा लागून दहा हजारांची मासळी मिळाली, म्हणून हा हिशेब बदलत नाही. रित्या हाताने परतलेले दिवसही त्याच सरासरीत मोजावे लागतात. घरी खाण्यासाठी नेलेली मासळीही बाजारभावाने विक्रीत लिहावी. नाही तर हिशेब खोटा ठरतो.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. कर्जाचे व्याज वर धरले आहे. मुद्दल धरलेले नाही. दोन लाखांचे मुद्दल पाच वर्षांत फेडावयाचे तर वर्षाला ४०,००० रुपये लागतात. यंत्र, होडी व जाळी यांच्यासाठी बाजूला टाकावयाच्या ठेवी एकूण ७४,००० रुपयांच्या आहेत. मुद्दल त्यांतूनच दिले तर ३४,००० उरतात. त्यांतले ३०,००० जाळ्यांना जातात. शिल्लक राहतात ते अवघे ४,००० रुपये. म्हणजे कर्ज फिटते त्याच सुमारास जुने यंत्र थकते, आणि नव्या यंत्रासाठी पेटीत पाच वर्षांचे मिळून वीसेक हजार रुपयेच असतात. एका कर्जातून सुटलेला मच्छीमार दुसऱ्या कर्जात कसा शिरतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. त्यात आळस वा उधळपट्टी असतेच असे नाही. ठेवीचा हिशेब अगोदर मांडलेला नसतो, एवढेच.

यावर उपाय आहे. विक्रीची सरासरी ३,९०० रुपये झाली तर होडीचा भाग १,००० ऐवजी १,२०० होतो. फेरीमागे २०० प्रमाणे १३० फेऱ्यांत २६,००० रुपये अधिक मिळतात. अगोदरच्या ४,००० मध्ये ते मिळविले की यंत्राची ३०,००० रुपयांची ठेव पूर्ण होते. मच्छीमाराने विसार देण्यापूर्वी स्वतःला विचारावयाचा प्रश्न असा: या गावच्या समुद्रात, या जाळ्यांनी, वर्षभराची सरासरी ३,९०० रुपये पडते काय? उत्तर नकारार्थी असेल तर होडी स्वस्त शोधावी, कर्ज कमी घ्यावे, किंवा विश्वासू जोडीदाराबरोबर भागी करावी.

या प्रश्नाचे उत्तर घरातच असते. मासळीची टोपली घेऊन बाजारात बसणारी घरची स्त्री कोणत्या महिन्यात कोणती मासळी कोणत्या भावाने जाते, हे पुरुषांहून अधिक जाणते. वर्षाची सरासरी काढताना तिला विचारल्याशिवाय एकही आकडा लिहू नये.

९. कर्ज, अर्थसाहाय्य व विमा

कर्ज घेताना हप्ते हंगामाप्रमाणे बांधून मागावेत. वरील उदाहरणात पहिल्या वर्षी मुद्दल व व्याज मिळून ६०,००० रुपये द्यावयाचे आहेत. बारा महिन्यांत विभागल्यास हप्ता ५,००० रुपयांचा दिसतो. पण पावसाळ्यात तो कोठून भरावयाचा? आठ महिन्यांत विभागल्यास हप्ता ७,५०० रुपयांचा होतो आणि चार महिने निर्धास्त जातात. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही लागू झाली. ती प्रामुख्याने खेळत्या भांडवलासाठी आहे. होडी विकत घेण्यासाठी नव्हे. शासकीय अर्थसाहाय्याच्या योजना व त्यांच्या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून मंजुरीचा कागद हाती येईपर्यंत अर्थसाहाय्याची रक्कम अंदाजपत्रकात जमेस धरू नये.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विम्याची तरतूद करण्यात आली. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये आणि कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख रुपये, असे तिचे स्वरूप होते. मालकाने स्वतःचे व खलाशांचे नाव चालू वर्षी अशा विम्यात आहे काय, हे खात्याकडे विचारून घ्यावे. हा विमा माणसाचा आहे. होडीचा विमा वेगळा उतरवावा लागतो.

लाइफ जॅकेट, दिवा, वल्ही व नांगर हा खर्च काटकसरीच्या नावाखाली कधीही कापू नये. यंत्र बंद पडलेल्या होडीला दोन वल्ही व एक नांगर काय उपयोगी पडतात, हे किनाऱ्यावर कोणाला सांगावयास नको. समुद्रात संकट ओढवल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक होडीच्या आतील बाजूस ठळक रंगवून ठेवावा.

१०. हिशेबाची वही

अंदाजपत्रक खरेदीच्या दिवशी संपत नाही. एका साध्या वहीत दर फेरीला सात रकाने भरावेत: तारीख, यंत्र चाललेले तास, इंधनाचे लिटर, इतर खर्च, मासळीचा प्रकार व वजन, विक्रीची रक्कम, होडीचा वाटा. तास व लिटर यांचा भागाकार दर आठवड्यास करावा. तासाला चार लिटर घेणारे यंत्र पाच लिटर घेऊ लागले तर त्यात बिघाड सुरू झाला आहे, हे मिस्त्रीच्या अगोदर वही सांगते. ठेवीची रक्कम घरातील डब्यात न ठेवता पोस्टात किंवा बँकेत वेगळ्या खात्यात टाकावी. बँकेत कर्ज मागावयास जाताना एका वर्षाची नीट लिहिलेली वही हाती असली म्हणजे बोलणे सोपे होते.

ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांना गावच्या शाळेतील मुले साहाय्य करू शकतील. किनाऱ्यावरील गावांतील शिक्षकांनी पुढील उदाहरणे गणिताच्या तासाला घेतल्यास मुलांना आपल्याच घरचा व्यवसाय नव्या दृष्टीने दिसेल.

(अ) एका होडीची किंमत १,५०,००० रुपये आहे. तिला नवे यंत्र १,५०,००० रुपयांचे व दुरुस्ती ६०,००० रुपयांची लागते. दुसरीची किंमत २,८०,००० रुपये असून तिला ४०,००० रुपयांची दुरुस्ती पुरते. कोणती स्वस्त? (उत्तर : दुसरी, ४०,००० रुपयांनी.)

(आ) पेट्रोल लिटरमागे १० रुपयांनी महागले, फेरीला १२ लिटर लागतात व वर्षाला १३० फेऱ्या होतात. तर वर्षाचा खर्च किती वाढेल? (उत्तर : १५,६०० रुपये.)

(इ) खराब हवेमुळे १३० ऐवजी १०० च फेऱ्या झाल्या, तर १,३०,००० रुपयांचा स्थिर खर्च फेरीमागे किती पडेल, आणि पाठातील वाटणीप्रमाणे होडी स्वतःला सांभाळण्यासाठी सरासरी विक्री किती व्हावी लागेल? (उत्तर : १,३०० रुपये, ४,१०० रुपये.)

तिसऱ्या उदाहरणाचे उत्तर विशेष विचार करण्याजोगे आहे. समुद्राने दिवस कमी दिले तर उरलेल्या दिवसांवरचा भार वाढतो, आणि तो भार उचलण्यासाठी खवळलेल्या हवेतही होडी लोटण्याचा मोह होतो. राखीव रक्कम ज्याच्यापाशी असते त्याला हा मोह आवरता येतो. खर्चाचा पूर्ण हिशेब हा पैशापुरता राहत नाही तो असा. वाऱ्याच्या इशाऱ्याचा बावटा लागलेल्या दिवशी होडी किनाऱ्यावर ठेवण्याची ताकद त्या हिशेबातून येते, आणि होडीबरोबर तिच्यावरची माणसेही घरी राहतात.